अ‍ॅस्टनचे हात

यंदाच्या अंकाचं सूत्र 'हात' आहे असं संपादकांनी कळवलं आणि मला पहिल्यांदा आठवला तो एका डावखुऱ्या गिटारवादकाचा उजवा हात. मधल्या बोटाचं टोक नाही, अनामिकेचंही नाही. त्या जागी घरी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या आणि त्यांवर चिकटवलेले चामड्याचे तुकडे. हा हात टोनी आयोमीचा. १९६९च्या ऑक्टोबरमध्ये आयोमी, ऑझी ऑस्बोर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड या चौघांनी लंडनच्या एका स्टुडिओत एका दिवसात एक रेकॉर्ड केली. बँडचं नाव ब्लॅक सबाथ, रेकॉर्डचं नाव तेच आणि तिच्यातल्या पहिल्या गाण्याचंही तेच. हेवी मेटल या संगीताची सुरुवात बहुतेक जाणकार इथूनच धरतात.

मेटल म्हटलं की आपल्याकडे काळे कपडे, कवट्या, सैतान आणि आरडाओरडा एवढंच डोळ्यांसमोर येतं. मी कॉलेजात असल्यापासून हे संगीत ऐकते आणि मला ते पहिल्यापासून कारखान्यातून आलेलं वाटतं: पत्रा वाकवणाऱ्या, गाड्यांचे हॉर्न जुळवणाऱ्या, रात्रपाळ्या करणाऱ्या माणसांच्या घरातून. ती पहिली रेकॉर्ड घडली कशी आणि लोकांपर्यंत गेली कशी हे बघत गेलं, तर सैतान तिच्यात फार उशिरा शिरतो, आणि तोही बाहेरून. सप्टेंबरमध्ये मावसभावाकडे बर्मिंगहॅमला, म्हणजे या चौघांच्याच शहरात, जायचा योग आला, तेव्हा हे सगळं जागेवर जाऊन बघायचं ठरवलं.

ब्रॉड स्ट्रीटवरून अ‍ॅस्टनकडे

मावसभाऊ मूळचा चिंचवडचा. चाकणच्या एका कारखान्यात उमेदवारी केली आणि पुढे इंग्लंडला गेला. टाटांनी २००८मध्ये जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्यापासून आपल्या वाहन उद्योगातल्या पोरांना बर्मिंगहॅम हे नाव परकं राहिलेलं नाही. त्याला स्वतःला मेटलमध्ये काडीचा रस नाही, अभंग आणि जुनी हिंदी गाणी ऐकणारा माणूस. पण शनिवारी सकाळी तोच मला घेऊन निघाला.

शहराच्या मध्यावर, ब्रॉड स्ट्रीटवर, कालव्यावरून जाणारा एक पूल आहे. २०१९मध्ये त्याला ब्लॅक सबाथचं नाव देण्यात आलं आणि चौघांचे चेहरे असलेलं एक लोखंडी बाकडं तिथं बसवलं. २०२५च्या ५ जुलैला हे चौघे शहराच्या अ‍ॅस्टन या भागातल्या, म्हणजे ते जिथं वाढले तिथल्या, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर अखेरचं एकत्र वाजले. ऑझीला पार्किन्सनने घेरलं होतं, उभं राहता येत नव्हतं. तो सिंहासनावर बसून गायला. २२ जुलैला तो गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रास बँडच्या सुरात याच रस्त्यावरून गेली आणि या पुलापाशी थांबली. आम्ही गेलो तेव्हा बाकड्याभोवती अजून फुलं होती, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ बाकड्यावर बसलेल्यांना उठवत, त्यांचे फोटो काढून देत आणि पुन्हा बसवत होते. आयुष्य प्रेस शॉपमध्ये गेलं म्हणाले. मावसभावाने आपणही त्याच धंद्यातले असं सांगितल्यावर दोघांचं गिअरबॉक्सवर जे बोलणं सुरू झालं ते आवरेना.

तिथून अ‍ॅस्टनला चालत जाता येतं. मोठा उड्डाणरस्ता ओलांडला की लाल विटांच्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या रांगा लागतात. ऑझीचं लहानपण लॉज रोडवरच्या अशाच एका घरात गेलं. सहा भावंडं. वडील हत्यारं बनवणारे कारागीर, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत (जीईसी) रात्रपाळीला. आई ल्युकस कंपनीत, जिथं गाड्यांचे विजेचे भाग बनत. पोरगाही काही काळ तिथंच लागला. काम काय, तर हॉर्नचा सूर लावायचा. दिवसभर, एकामागून एक. नंतर तो कत्तलखान्यात गेला, मग किरकोळ चोरीपायी काही आठवडे तुरुंगातही जाऊन आला. गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातलं सातवं मूल, हिशेबनिसाच्या कामाला लागलेला. वॉर्ड आणि आयोमीही इथलेच. चौघेही १९४८-४९मध्ये जन्मलेले, बॉम्बने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर खेळून वाढलेले. चौघांची घरं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

"ताई, आवाज किती असेल विचार कर," मावसभाऊ म्हणाला. आता तिथं गोदामं आहेत, वाहनं धुण्याची दुकानं आहेत, मशिदी आणि गुरुद्वारे आहेत, बंगाली किराणा आहे. साठ वर्षांपूर्वी घराला लागून फाउंड्री आणि फोर्जिंगची शेड असायची. घण रात्रभर पडायचे. त्या घणांचा ताल आपल्या वाजवण्यात उतरला, असं बँडमधल्यांनी पुढे वेगवेगळ्या मुलाखतींत सांगितलं आहे. रस्त्यात उभं राहून त्यावर विश्वास ठेवणं मला जड गेलं नाही.

कामाचा शेवटचा दिवस

आयोमी सतरा वर्षांचा होता. पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. एका बँडबरोबर युरोपात जायची संधी आली होती, म्हणून नोकरी सोडली. त्या दिवशी शेवटची पाळी होती. दुपारी जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. हातातलं काम अर्धवट टाकू नये, असं आईने बजावलं. तो परत गेला. आधीच्या टप्प्यावर पत्रा वाकवून देणारी व्यक्ती कामावर आलेली नव्हती, म्हणून याला त्या प्रेसवर उभं केलं. प्रेस हातावर आली. त्याने झटक्यात हात मागे ओढला, पण दोन बोटांची टोकं मागेच राहिली.

मावसभावाने हे ऐकलं आणि त्याचा स्वर बदलला. पॉवर प्रेसवर त्याने उमेदवारीत काम केलेलं आहे. चांगल्या मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे दोन्ही हात आपोआप धोक्याच्या बाहेर राहतात. नव्या मशीनपुढे प्रकाशाचा पडदा असतो, त्यात बोट गेलं की मशीन थांबतं. पण नग वेगाने काढायचे असले की कुणीतरी एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून टाकतं, म्हणजे एक हात मोकळा. बोट जातं ते तिथं. भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये आजही असं घडतं, आणि ज्याचं बोट जातं त्याचं नाव कुठं छापून येत नाही. आयोमीचं आलं, कारण त्याने पुन्हा गिटार हातात घेतली.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं होतं. कारखान्याचा मॅनेजर घरी भेटायला आला तो एक रेकॉर्ड घेऊन. ती जँगो राइनहार्टची होती. हा जिप्सी गिटारवादक १९२८मध्ये आगीत होरपळला होता, डाव्या हाताची दोनच बोटं पडद्यांवर धड चालायची, आणि तेवढ्यावर त्याने जाझमध्ये नाव काढलं. ती रेकॉर्ड ऐकून आयोमी कामाला लागला. कामाला लागला म्हणजे शब्दशः. भांडी घासायच्या फेअरी लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिची गोळी केली, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने तिला बोट जाईल एवढं भोक पाडलं, बोटाला बसेपर्यंत सँडपेपरने घासली. नुसतं प्लॅस्टिक तारेवरून घसरत होतं, म्हणून जुन्या जॅकेटचं चामडं कापून चिकटवलं आणि तार धरेल इतपत ते घासून गुळगुळीत केलं. कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या पोराला सुचावा असाच हा इलाज आहे.

टोपीला स्पर्श कळत नाही. तार किती दाबली गेली ते बोट सांगू शकत नाही, कानाला सांगावं लागतं. जाड तारा त्या टोप्यांनी वाकवता येईनात. बारीक तारांचे संच तेव्हा गिटारसाठी सहज मिळत नसत, म्हणून त्याने बँजोच्या तारा आणून लावल्या. पुढे तिसऱ्या रेकॉर्डच्या वेळी, १९७१मध्ये, तारा उतरवून स्वर दीड स्वर खाली नेला. तारा सैल, स्वर खर्जात, आवाज आणखी जड. आज जगभरचे मेटलवाले तारा उतरवून वाजवतात, त्याचं मूळ या दोन बोटांत आहे. पहिल्या रेकॉर्डवर मात्र तारा नेहमीच्या स्वरालाच आहेत. जडपणा तिथं दुसऱ्या वाटेने आलेला आहे.

षड्ज, पंचम आणि तीव्र मध्यम

गिटारवर पूर्ण कॉर्ड धरायला चार-पाच बोटांची कसरत लागते. दुखऱ्या हाताला सोपं पडतं ते दोनच स्वर धरणं: षड्ज आणि पंचम. आपल्या तंबोऱ्याची हीच जोडी. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज इतका चढवला की तो फाटायला लागतो, त्यात गंधार मिसळला तर सगळं गढूळ होतं. नुसते षड्ज-पंचम मात्र स्वच्छ आणि भरदार ऐकू येतात. रॉक संगीतात ही जोडी आधीपासून होती. आयोमीने तिच्यावर सगळी इमारत उभी केली, आणि बटलरने बेसवर गिटारच्या बरोबरीने तीच ओळ खालच्या सप्तकात वाजवून तिला दुप्पट वजन दिलं.

पहिलं गाणं मात्र पंचमावर थांबत नाही. त्यातली मुख्य ओळ तीन स्वरांची आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि मग खाली उतरून तीव्र मध्यम. बटलरला संगीतकार गुस्ताव होल्स्टची ग्रहांवरची सुरावट आवडायची, तिच्यातला मंगळाचा भाग तो बेसवर वाजवून बघायचा. त्या वातावरणातून आयोमीला ही ओळ सुचली. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपात जुन्या काळी सैतानाचं नाव पडलं. चर्चने त्यावर बंदी घातली होती असंही सर्रास सांगितलं जातं, पण त्याला इतिहासाचा आधार नाही. आपल्याकडे यमनमध्ये हाच तीव्र मध्यम रोज संध्याकाळी लागतो आणि ऐकणाऱ्याला प्रसन्न वाटतं. फरक आहे तो पुढच्या पावलात. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाकडे जाऊन विसावतो. आयोमी त्याला विसावू देत नाही. तो स्वर तिथंच हलवत ठेवतो, कंप देतो, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ठेका इतका संथ की पुढचा ठोका पडेल की नाही याची शंका यावी. वॉर्ड जाझ ऐकून शिकलेला ड्रमर, त्यामुळे तो रिकाम्या जागा भरत नाही, मोकळ्या ठेवतो. भीती वाटते ती या अडकून पडलेल्या स्वराची.

भीतीचा विषय घ्यायचा हे त्यांनी जाणूनबुजून ठरवलं होतं. ते तेव्हा 'अर्थ' (Earth) नावाने ब्लूज वाजवायचे, आणि त्याच नावाचा दुसरा बँड निघाल्यामुळे नाव बदलणं भाग होतं. बोरिस कार्लॉफच्या एका भयपटाचं नाव त्यांनी उचललं. लोक पैसे देऊन घाबरायला सिनेमाला जातात, मग घाबरवणारं संगीत का नको, हा त्यामागचा विचार. यात धंद्याची अक्कल आहे, सैतानाची पूजा नाही. त्या गाण्यातला माणूस सैतानाला बोलावत नाही, त्याच्यापासून पळतो आणि देवाचा धावा करतो. कॅथलिक घरात वाढलेल्या बटलरच्या डोक्यातलं ते भय होतं.

चार ट्रॅक, एक पाळी

रेकॉर्ड एका दिवसात झाली, हे नेहमी चमत्कारासारखं सांगितलं जातं. मला त्यात चमत्कार दिसत नाही, तयारी दिसते. बर्मिंगहॅमच्या स्टेशन स्ट्रीटवरच्या 'क्राउन' या पबच्या माडीवर त्यांचा पहिला मॅनेजर ब्लूज क्लब चालवायचा, तिथं ते वाजवत. हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये पाऊण-पाऊण तासाच्या बैठका एका दिवसात कितीतरी वेळा कराव्या लागत. ऐकायला माणसं असोत-नसोत, वाजवावं लागे. गाणी कमी पडली की असलेली लांबवावी लागत. त्या पाळ्यांमध्ये ही गाणी घासून तयार झाली. १६ ऑक्टोबर १९६९ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत चौघे शिरले तेव्हा नवीन रचायचं काहीच नव्हतं. सगळ्या कामाला मिळून सहाशे पौंडांच्या आसपास रक्कम होती. तेवढ्यात जेवढा वेळ मिळेल तेवढा.

निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रणावर टॉम अ‍ॅलम. टेपला चार ट्रॅक. आज मोबाइलवरही याहून जास्त मिळतात. चारच ट्रॅक म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ड्रमच्या प्रत्येक पिंपाला स्वतंत्र जागा देता येत नाही. अनेक माइकचे आवाज आधीच एकत्र करून एका पट्टीवर घालावे लागतात. एकदा घातले की झांजेचा आवाज जास्त झाला म्हणून नंतर कमी करता येत नाही. म्हणजे आवाज खोलीतच बरोबर लागायला हवा, वाजवणाऱ्यांनी एकमेकांचा तोल तिथंच सांभाळायला हवा. तिघे एका खोलीत समोरासमोर वाजले आणि ऑझी वेगळ्या कप्प्यात उभा राहून त्याच वेळी गायला. कुणाचं चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. पण पुन्हा वाजवायला वेळ फारसा नव्हताच, त्यामुळे बरंचसं पहिल्या किंवा दुसऱ्या खेपेचं आहे.

आयोमीने 'विकेड वर्ल्ड' हे गाणं फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर वाजवलं आणि तिचा पिकअप गेला. दुरुस्तीला वेळ कुठला? सोबत आणलेली गिब्सन एसजी त्याने उचलली आणि उरलेलं काम तिच्यावर केलं. पुढे आयुष्यभर तोच आवाज त्याची ओळख झाला. 'वॉर्निंग' या लांबलचक गाण्यातला त्याचा एकल भाग नीट ऐका. तो मध्येच एकटा पडतो, वाट शोधतो, घसरतो, सावरतो, आणि मग ड्रम येऊन त्याला गाठतात. हा भाग आणखी एकदा वाजवून बघायचा होता, असं तो पुढे सांगत असे. मला तो आहे तसाच हवा आहे. दुसरा दिवस मिळाला असता, तर त्यातली घसरण काढून टाकली गेली असती.

पाऊस, ढगांचा गडगडाट आणि दूरवरची चर्चची घंटा हे सगळं निर्मात्याच्या बाजूने नंतर जोडलं गेलं. बँडला स्टुडिओतून बाहेर पडून लगेच युरोपातल्या कार्यक्रमांना निघायचं होतं. रेकॉर्डला शेवटी कसं रूप आलं, ते त्यांनी परतल्यावर ऐकलं. पावसाची ती कल्पना त्यांनाही आवडली.

गिरणी आणि उलटा क्रूस

मुखपृष्ठावर एक जुनी पाणचक्की आहे आणि तिच्यापुढे काळा झगा घातलेली एक स्त्री. रंग अनैसर्गिक, गुलाबीकडे झुकलेले. ही ऑक्सफर्डशायरमधली मेपलडरहॅमची पाणचक्की. मावसभावाच्या गाडीतून आम्ही तिथंही जाऊन आलो. थेम्सच्या काठी, पंधराव्या शतकापासूनची. अजून दळते आणि पीठ विकते. जात्यावरून सांडणाऱ्या पिठाचा वास आणि चाकाचा खडखडाट यांत घाबरण्यासारखं काही नाही. भीती छायाचित्रकाराने आणली. कीथ मॅकमिलन, 'कीफ' या नावाने काम करणारा. त्याने अवरक्त किरण टिपणारी फिल्म वापरली, त्यामुळे झाडं आणि आकाश आजारी दिसतात. ती स्त्री लुइसा लिव्हिंगस्टन ही तरुण मॉडेल होती, आणि हे नाव जगाला कळायला पन्नास वर्षं लागली. गारठलेल्या पहाटे उभं केलं होतं, एवढंच तिला विशेष आठवत होतं.

रेकॉर्डचं पाकीट उघडलं की आत एक उलटा क्रूस छापला होता आणि त्यात एक कविता. हे बँडला विचारून केलेलं नव्हतं. पाकीट हातात आल्यावर चौघांना कळलं. एका उलट्या क्रूसाने त्यांच्या पुढच्या कित्येक वर्षांचं नशीब ठरवलं: सैतानाचे भक्त त्यांना आपले समजून पत्रं पाठवू लागले आणि धार्मिक मंडळी त्यांच्या कार्यक्रमांबाहेर निदर्शनं करू लागली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. रेकॉर्ड घासून-पुसून तयार केली चार कामगारांच्या पोरांनी आणि तिचा अर्थ ठरवला बाहेरच्या कुणीतरी.

त्यावर उपाय काढला ऑझीच्या वडिलांनी. हत्यारं बनवणाऱ्या त्या माणसाने आपल्या हाताने चौघांसाठी धातूचे क्रूस करून दिले, सरळ क्रूस, गळ्यात घालून सैतान दूर ठेवायला. तेव्हापासूनच्या कितीतरी छायाचित्रांत चौघांच्या छातीवर क्रूस दिसतात. मेटलवाल्यांच्या गळ्यातला क्रूस हा थट्टेचा किंवा बंडाचा मामला आहे असं लोक समजतात. त्याची सुरुवात रात्रपाळीवाल्या बापाने पोराच्या काळजीपोटी केली होती.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९७०

फिलिप्स कंपनीने तेव्हा व्हर्टिगो हे नवं लेबल काढलं होतं, वेगळ्या वळणाच्या संगीतासाठी. रेकॉर्ड फिरायला लागली की गरगरणारं काळं-पांढरं चक्र तिच्या मधोमध छापलेलं असायचं. या लेबलवर 'ब्लॅक सबाथ' बाजारात आली १३ फेब्रुवारी १९७०ला. त्या दिवशी शुक्रवार होता. तेरा तारखेचा शुक्रवार इंग्रजांकडे अशुभ, आणि नावाला साजेसा मुहूर्त म्हणून तो साधला गेला.

आधी जानेवारीत 'ईव्हिल वूमन' हे दुसऱ्या बँडचं गाणं यांच्या आवाजात सुटं काढलं होतं. कंपनीला ते खपेल असं वाटलं, पण खपलं नाही. समीक्षकांनी रेकॉर्ड झोडपली. अमेरिकेतल्या रोलिंग स्टोन या नियतकालिकानेही. बीबीसीवर जॉन पीलच्या कार्यक्रमात त्यांना संधी मिळाली होती, तेवढा आधार सोडला तर मोठी जाहिरात नव्हती. मग विकली कुणी? कार्यक्रम करून करून यांनीच. इंग्लंडमधल्या लहान शहरांतले क्लब, कॉलेजं, पबच्या माड्या. जिथं वाजवलं तिथल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन रेकॉर्ड मागितली. ती ब्रिटिश यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढली. जूनमध्ये अमेरिकेत निघाली आणि तिथं तेविसावी आली. त्याच जूनमध्ये ते पुन्हा स्टुडिओत होते, दुसऱ्या रेकॉर्डसाठी. सप्टेंबरमध्ये 'पॅरानॉइड' आली आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. पहिली रेकॉर्ड विकली गेली ती ऐकणाऱ्यांच्या हातांनी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे मेटल जिथं जिथं रुजलं तिथं ते असंच रुजलं.

मुंबईतही. मोठ्या मुलांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या कॅसेट, काळाघोड्याच्या र्‍हिदम हाउसमध्ये तासन्‌तास उभं राहून चाळलेली पाकिटं, धोबीतलावजवळच्या रंगभवनातला इंडिपेंडन्स रॉक. १९८६मध्ये सुरू झालेल्या त्या महोत्सवाने मराठी, गुजराती, ख्रिस्ती, पारशी पोरांना एका मैदानात आणलं. शेजारी इस्पितळ आणि कॉलेज असल्याने तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मेटलपुरतं बंद पडलं. र्‍हिदम हाउस २०१६मध्ये मिटलं. तरी रेकॉर्ड काढणं थांबलं नाही. मुंबईच्या डीमॉनिक रिझरेक्शनने २०१७मध्ये 'दशावतार' नावाची रेकॉर्ड केली, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणं. त्या बँडचा गायक साहिल मखिजा मुंबईत स्वतःचा स्टुडिओ आणि लेबल चालवून इतरांच्याही रेकॉर्ड काढत आला आहे.

चिंचवडची खोली

परत आल्यावर मावसभावाच्या ओळखीने चिंचवडमध्ये एका तळघरात गेले. भिंतींना अंड्यांचे ट्रे नाहीत, ते काही उपयोगाचे नसतात असं तिथल्या पोरांनी मला लगेच सांगितलं. काचेच्या लोकरीचे पट्टे लाकडी चौकटीत ठोकून लावले होते. पाच जणांचा बँड. ड्रमर भोसरीतल्या कारखान्यात क्वालिटी विभागात, एक गिटारवाला आयटीत, बेसवाला अजून डिप्लोमा करतोय. पहिली रेकॉर्ड चालली आहे.

त्यांची पद्धत अ‍ॅस्टनवाल्यांच्या नेमकी उलट. ड्रमर कानात टिक-टिक घेऊन एकटा वाजवतो. त्यावर गिटार, तीही प्रत्येक ओळ दोनदा, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी, म्हणजे भिंत उभी राहते. अ‍ॅम्प नाही, संगणकातच अ‍ॅम्पचा आवाज निवडायचा. चुकलेला ठोका उचलून जागेवर बसवता येतो. महिनोन्‌महिने चालतं, कारण सगळे फक्त रविवारी मोकळे असतात. मी त्यांना 'वॉर्निंग'मधली ती घसरण ऐकवली. ड्रमर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, असं एकत्र वाजवून रेकॉर्ड करायचं धाडस आमच्यात नाही. पण आमच्याकडे तेवढे कार्यक्रम तरी कुठं आहेत?" खरं आहे. ज्या पाळ्यांमध्ये गाणी घासून निघतात त्या पाळ्याच त्यांना मिळत नाहीत. पुण्यात मेटल वाजवू देणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि दहा वाजले की आवाज बंद.

रेकॉर्ड बाजारात काढायची कशी, याचा हिशेब त्यांनी मांडला. वर्षाचं शुल्क भरून एका वितरकामार्फत गाणी सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर जातात; त्यातून हातात येतं ते नगण्य. बँडकॅम्प या संकेतस्थळावर चाहता थेट विकत घेतो, तिथं जर्मनी-ब्राझीलमधूनही पैसे येतात. खरी मिळकत टी-शर्टची, म्हणून मुखपृष्ठ टी-शर्टवर चांगलं दिसलं पाहिजे. चित्र कोण काढणार यावरून वाद चालला होता. मी त्यांना उलट्या क्रूसाची गोष्ट सांगितली आणि चित्र छापायला देण्याआधी पाचही जणांनी डोळ्यांखालून घाला असं कळकळीने सांगितलं.

प्रकाशनाचा दिवस ठरला आहे. २०१५पासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच निघतं, आणि २०२६च्या फेब्रुवारीची तेरा तारीख शुक्रवारी येते. तोवर दोन गाण्यांचं गायन बाकी आहे आणि ड्रमरला एक गाणं पूर्ण नव्याने वाजवायचं आहे. त्याच्या कारखान्यात पाळी बदलली आहे, त्यामुळे ते डिसेंबरमध्ये, रात्री अकरानंतर, शेजारच्या गॅरेजवाल्याची परवानगी काढून करायचं चाललं आहे.